सहासष्टचा ओटा

"हे शहाऐंशी कुणी ठरवलं?" बाईंनी विचारलं, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मंगळवारची दुपार होती. शोरूममध्ये आम्ही तिघंच होतो, मी, त्या आणि त्यांचे मोठे भाऊ. मी नेहमीसारखी नमुन्याच्या पांढऱ्या किचनपाशी उभी राहून बोलत होते आणि बोलण्याच्या ओघात सांगून गेले होते की ओट्याची उंची शहाऐंशी सेंटिमीटर, ती ठरलेलीच असते, तेव्हा आपण आता रंगांकडे वळू या. त्या वळल्या नाहीत. त्या ओट्याला लागून उभ्या होत्या आणि ओटा त्यांच्या छातीशी येत होता. उंची चार फूट एक इंच, वय पन्नाशीच्या आसपास, बारीक कापलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. प्रश्नात भांडण नव्हतं. एखादा कारागीर दुसऱ्या कारागिराला विचारतो तसं त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, "कंपनी ठरवते." त्या म्हणाल्या, "कंपनीत कोण?" मी म्हणाले, "सरासरी काढलेली असते ना, मॅडम." त्यांनी मान हलवली. "मी दात करते," त्या म्हणाल्या. "कवळ्या, कॅप, ब्रिज. सव्वीस वर्षं झाली लॅबमध्ये. सरासरी तोंडाची कवळी करायची म्हटली तर करता येईल मला. पण ती कुणाच्याच तोंडात बसणार नाही." त्यांचे भाऊ मागे उभे होते, सहा फुटांचे, जरासे वाकलेले. ते हसले. मी हसले नाही. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मला वाटलं अपमानानं, पण तो अपमान नव्हता. कित्येक वर्षांत न झालेलं काहीतरी झालं होतं, परीक्षेत प्रश्न वाचताच उत्तर येत नाही पण येणार आहे हे कळतं, तेव्हा होतं तसं.

माझ्या कार्डावर किचन डिझाइन सल्लागार असं छापलंय. मी विकते की आखते, हे मला स्वतःला आठवड्यातून दोनदा तरी कळेनासं होतं. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मी आखणारी असते, दुसऱ्या पंधरवड्यात टार्गेट डोळ्यांसमोर नाचायला लागलं की विकणारी. आमच्याकडे येणारी माणसं भिंती मोजून आणतात आणि त्या भिंतींच्या आतलं सगळं माझ्यासमोर टेबलावर ओततात. नवरा म्हणतो, "हिला हवं तसं करा," आणि मग प्रत्येक ड्रॉवर उघडून बघतो. सासू म्हणते, "मला काय विचारता," आणि तिला विचारल्याशिवाय बिजागरीसुद्धा ठरत नाही. माझ्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर किती संसार भांडलेत आणि किती परत जुळलेत याची मोजदाद नाही. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू. माणूस शोरूममध्ये शिरल्यावर पहिल्यांदा कुठे हात ठेवतो यावरून घरी स्वयंपाक कोण करतं ते मी ओळखते आणि दहात नऊदा बरोबर ठरते. कागदावर भिंतीची रेघ ओढली आणि सिंक खिडकीखाली सरकवलं की समोरच्या बाईचा चेहरा सैलावतो, तेव्हा मला माझ्या कामाचा हेवा वाटतो. पण तीच बाई सहा रविवार माझ्याकडून नकाशे बदलून घेते, सातव्या रविवारी स्क्रीनचा फोटो काढते, "घरी दाखवते हं" म्हणते आणि पुन्हा येत नाही. पुढे कधीतरी कळतं की माझं किचन कुठल्यातरी सुताराकडून उभं राहिलंय. रविवार गेलेला असतो तो गेलेलाच. आमचा धंदा सुट्टीच्या दिवशी चालतो, म्हणून माझ्या घरच्यांच्या सुट्टीत मी नसते. दिवसभर फरशीवर उभं राहून संध्याकाळी पोटऱ्या अशा भरून येतात की घरात शिरल्यावर मी आधी स्वतःच्या ओट्याला टेकते. त्याची उंची मी कधी मोजलेली नव्हती, हे त्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं.

आणि आई आठवली. आई उंच होती, चारचौघींत डोकं वर दिसायचं, आणि भाड्याच्या घरातला दगडी ओटा होता ठेंगणा. आई त्यावर वाकून चिरायची, वाकून ढवळायची, आणि मधूनच डावा हात कमरेवर ठेवून छताकडे बघायची. आम्हा भावंडांना वाटायचं की कंबर दुखणं हा आईचा एक अवयवच आहे, तिच्या सरळ नाकासारखा. ओटा चुकला आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आईच्याही नाही. मी अकरा वर्षं ओटे विकत होते आणि माझ्याही नाही. ही गोष्ट मला रडवेल असं वाटलं होतं, पण शोरूमच्या मधोमध उभी असताना माझ्या अंगात एकदम तरतरी आली. मी टेपमाप उचललं आणि म्हणाले, "मॅडम, मी उद्या घरी येते. रंगांचं नंतर बघू." भाऊ म्हणाले, "माप आणलंय आम्ही भिंतींचं." मी म्हणाले, "भिंतींचं नाही, यांचं घ्यायचंय."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर, खिडकी मात्र मोठी. ओटा तसाच, सगळ्यांचा असतो तसा. त्याच्यासमोर तीन ठिकाणी तीन लाकडी खोकी ठेवलेली होती, सिंकपाशी एक, शेगडीपाशी एक, मधे एक. बाई एकावरून उतरायच्या, दोन पावलं चालायच्या, दुसऱ्यावर चढायच्या. मी म्हणाले, चहा करा ना. चहा मला नको होता, मला बघायचं होतं. एका चहाला त्या नऊ वेळा चढल्या-उतरल्या. पातेलं शेगडीवर ठेवलं की खोक्यावर चढूनही त्याचा काठ त्यांच्या हनुवटीच्या उंचीला यायचा, त्यामुळे आतलं उकळलंय की नाही ते त्या आवाजावरून ओळखत होत्या. हात पुढे केला तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याच्या जुन्या रेघा दिसल्या, एकाखाली एक. वरची कपाटं होती, पण ती त्यांची नव्हती, भावाची होती. "दादा रोज संध्याकाळी येतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसाला काय लागेल ते खाली काढून देतो. पोस्टातून सुटला की थेट इकडे. आता निवृत्त झालाय तर चारलाच येतो." दादा दारात उभे होते. "तिला लागतं तेवढंच काढतो," ते म्हणाले, जणू कुणीतरी त्यांच्यावर आळ घेतला होता.

"घरात कुठल्या चपला घालता?" मी विचारलं. त्यांनी सपाता दाखवल्या. "त्या घाला आणि ताठ उभ्या राहा. आता कोपर दुमडा." जमिनीपासून कोपरापर्यंत एकोणऐंशी. कोपराच्या खाली तेरा सेंटिमीटर सोडले तर चिरण्या-मळण्याची जागा सहासष्ट. पण सिंकमध्ये हात तळाशी काम करतात, म्हणून सिंक वर हवं, सत्तर तरी. आणि शेगडीवर भांडं बसतं, भांड्याला स्वतःची उंची असते, म्हणून शेगडी खाली, साठ. मी आकडे वहीत लिहीत होते आणि माझं अक्षर धावत होतं. एकाच ओट्याला तीन उंच्या. अकरा वर्षांत मी एक सरळ रेघ ओढत आले होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि त्या रेघेत पायऱ्या असू शकतात हे मला एक दात करणाऱ्या बाईनं दाखवलं होतं. त्या टाचा उंचावून माझ्या वहीत बघत होत्या. "तुम्ही दशांश घेत नाही?" त्या म्हणाल्या. "नाही." "आमच्याकडे मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तरी पेशंट जेवताना शिव्या देतो." मी म्हणाले, "माझे पेशंट वीस वर्षं जेवतात आणि शिव्या स्वतःच्या कमरेला देतात." त्या मोठ्यानं हसल्या. दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण उद्या घर विकायचं झालं तर? असलं किचन घेणार कोण?" बाईंनी शांतपणे विचारलं, "मी कुठे चाललेय?" दादांची नजर वरच्या कपाटांवर होती, आणि माझ्यातल्या विकणारीला तेवढ्यात कळलं की प्रश्न घर विकण्याचा नाहीच आहे. पण त्यावर बोलणं माझं काम नव्हतं.

कारखान्यातल्या माणसानं फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. ओट्याखाली बसते ती आमची कपाटाची पेटी बहात्तरची. खाली दहाचे पाय, वर चारचा दगड, झाले शहाऐंशी. बहात्तरची पेटी सहासष्टच्या ओट्याखाली जाणार कशी? मुद्दाम कापून घ्यायची तर तीन महिने आणि दुप्पट भाव. हा हिशेब इतका साधा होता की मला शरम वाटली. म्हणजे शहाऐंशी हा कुणा माणसाचा आकडाच नव्हता, तो पेटीचा होता. मॅनेजर म्हणाले, "अगं, त्यांना एक चांगलं स्टूल दे आणि वरची कपाटं खाली ओढणारी जाळी लाव, महागडी आहे, बिलही फुगेल. तुझं या महिन्याचं काय झालंय ते मी सांगायला नको." सांगायला नकोच होतं. मी टेबलाशी बसले आणि दुसऱ्याच एका जोडप्याला करडा रंग किती छान दिसेल ते सांगत राहिले, आणि माझा पाय टेबलाखाली सारखा हलत राहिला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रात्री जेवताना मी ताटातल्या पोळीच्या चौकोनी घड्या घालत होते. नवरा म्हणाला, "तुला बरं नाहीये का?" मी म्हणाले, "मला फार बरं आहे." तेही खरं होतं. झोपेतून उठल्या उठल्या ते तीन आकडे मला आधी भेटायचे, मग घर, मग नवरा.

रविवारी मुलीची पोहण्याची स्पर्धा होती. तीन महिने आधी सांगून मी तो एक रविवार सोडवून घेतला होता. तलावाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या, क्लोरिनचा वास, ओल्या फरशीवर पोरींचा चीत्कार, शिट्ट्या, छतावर आदळून परत येणारे आवाज. नवरा सामानाची पिशवी सांभाळत होता. मी मन लावून बघायचं ठरवलं होतं. मुलगी निळी टोपी घालून सूर मारायच्या ठोकळ्यावर चढली. ठोकळा. एकाच मापाचे सहा ठोकळे, आणि तलावाच्या कडेचा उतार सांभाळायला त्यांच्याखाली लोखंडी पाय कमीजास्त उंचीचे लावलेले. मी त्या पायांकडे बघत राहिले. आमच्याकडे अठ्ठेचाळीसची पेटी आहे. खिडकीखालच्या बैठकीसाठी निघते, कुणी घेत नाही, गोदामात पडून असते. अठ्ठेचाळीस, चौदाचे पाय, चारचा दगड, सहासष्ट. अठ्ठेचाळीस, आठचे पाय, चार, साठ. अठ्ठेचाळीस, अठराचे पाय, चार, सत्तर. पेटी एकच, फक्त पाय वेगळे, आणि पाय हातानं फिरवून वरखाली होतात. मी स्पर्धेच्या पत्रिकेच्या मागे लिहायला घेतलं. पेन कागद फाडत होतं. माझ्या गळ्याशी हसू आलं होतं आणि ते बाहेर पडलं असतं तर आजूबाजूच्यांनी वळून बघितलं असतं. सगळं जागेवर येऊन बसत होतं, एकामागून एक, कुलपातल्या खिट्ट्या बसाव्यात तसं. मग टाळ्या झाल्या, आणि मी मान वर केली तेव्हा पाणी नुसतंच हलत होतं.

ती टॉवेल गुंडाळून आली, ओठ निळे पडलेले. "आई, बघितलंस?" "हो तर," मी म्हणाले. "कितव्या लेनमध्ये होते मी?" मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं पिशवीत डोकं घातलं होतं. "चौथ्या," मी म्हणाले. तिनं माझ्या हातातली पत्रिका घेतली, उलटी केली, रेघा आणि आकडे बघितले, आणि परत दिली. "दुसऱ्या," ती म्हणाली. "तिसरी आले मी." मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या केसांचं पाणी माझ्या ब्लाऊजमधून आत झिरपलं आणि मला एकाच वेळी वाटलं की मी वाईट आई आहे आणि आज माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस आहे. या दोन्हींपैकी एकही गोष्ट दुसरीला ढकलून बाहेर काढू शकत नव्हती. गाडीत ती मागे बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "ते तीन पायऱ्यांचं काय होतं?" मी सांगितलं. तिनं ऐकलं, खिडकीबाहेर बघत. "चांगलंय," ती म्हणाली. माफ केलंय असं त्यात काही नव्हतं, आणि मी ते मागितलंही नाही.

सोमवारी मी मॅनेजरांसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "वरची कपाटं?" "नाहीत." "अजिबात?" "भिंत मोकळी. खिडकी मोठी आहे." "म्हणजे निम्मं बिल गेलं." "आणि गोदामातल्या पेट्या गेल्या, त्या दोन वर्षं पडून आहेत," मी म्हणाले. विकणारी बाई अशी ऐन वेळी माझ्या मदतीला येते, तेव्हा मला ती आवडते. ते म्हणाले, "टार्गेट तुझं तू बघ." बघितलं, त्या महिन्यात मी शेवटून दुसरी होते. पण बाईंना मी स्क्रीनवर काहीच दाखवलं नाही. शोरूमच्या मागच्या बाजूला खोक्यांवर फळ्या टाकून मी तीन उंच्या उभ्या केल्या आणि त्यांना म्हणाले, येताना घरातलं सगळ्यात मोठं पातेलं आणि सुरी घेऊन या. त्या सपाताही घेऊन आल्या. बूट काढून त्यांनी सपाता घातल्या आणि फळीसमोर उभ्या राहिल्या. सुरीनं त्यांनी हवेतलंच काहीतरी चिरलं. पातेलं साठवर ठेवलं आणि त्यात वरून डोकावून बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या, रिकाम्या पातेल्यात. मग सत्तरवर गेल्या, हात आत घातले, डोळे मिटले. "हे एकाहत्तर करा," त्या म्हणाल्या. मी खाली एक पुठ्ठा सरकवला. "हां," त्या म्हणाल्या. दादा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनीही पुढे होऊन सहासष्टच्या फळीवर हात टेकून बघितले, तर त्यांना जवळपास घोडा व्हावं लागलं. "मला नाही जमायचं इथे," ते म्हणाले. "तुला कशाला जमायला हवं?" बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा हात दादांच्या बाहीवर गेला.

किचन बसवायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला मी शेवटची तपासणी करायला गेले. मिस्त्री आवरून निघाले होते. ती तीन खोकी जिन्यात उभी करून ठेवलेली होती, कुणाला हवी तर न्यायला. मी पाणसळ लावून बघितली, दगडाच्या सांध्यावरून नख फिरवलं, खालचे पाय झाकणाऱ्या पट्ट्या दाबून बघितल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. खिडकीतून येणारा उजेड आता अडत नव्हता, मोकळ्या भिंतीवरून थेट ओट्यावर उतरत होता आणि एका पायरीवरून दुसरीवर पडत होता. बाई आत आल्या. मला वाटलं आता त्या नळ सोडतील, शेगडी पेटवतील, ड्रॉवर उघडतील; सगळे तेच करतात. त्या ओट्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे मागे दगडावर ठेवले आणि टेकल्या. बस, एवढंच. एक पाय दुसऱ्यावर घातला. मान जराशी मागे. कामावरून आल्यावर मी टेकते तशी. छातीशी येणाऱ्या ओट्याला माणूस टेकू शकत नाही, हे माझ्या कुठल्याच आकड्यात नव्हतं. मी चिरण्याचा विचार केला होता, धुण्याचा केला होता, ढवळण्याचा केला होता. काहीही न करण्याचा केला नव्हता, आणि त्या तर नेमकं तेच करत होत्या, आणि किती आरामात. त्यांनी फोन काढला, कुणाचा तरी नंबर लावला, आणि तशाच टेकून म्हणाल्या, "काही नाही गं, उभी आहे आपली स्वयंपाकघरात."

फोन झाल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं, माझ्याकडे आणि दारातल्या दादांकडे. "तुम्ही दोघं आता जा," त्या म्हणाल्या. "दादा, तू उद्या ये. जेवायलाच ये." त्यांनी आम्हाला अगदी प्रेमानं बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दादा आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीपाशी उभे राहिलो, पाहुण्यांसारखे. त्यांचे लांब हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. "चाळीस वर्षांत तिनं मला कधी जा म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. मी काही बोलणार होते, मला अशा वेळी बोलता येतं, तोच माझा धंदा आहे. पण तेवढ्यात आतून आवाज आला. सर्र, आणि मग हलकेच टप. पुन्हा सर्र, टप. त्या एकेक ड्रॉवर उघडून बंद करत होत्या, घाई न करता, डावीकडून उजवीकडे. दादांनी मान तिरकी केली. सर्र, टप. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. सात झाले तेव्हा आत शांतता पसरली, आणि दादा निघायला म्हणून एक पायरी खाली उतरले.

"थांबा," मी म्हणाले. "अजून दोन आहेत."

ते थांबले. आम्ही दोघं श्वास रोखून दाराकडे बघत राहिलो.